तोंडभर हवा

"फक्त घालायचा, दोन-चार श्वास घ्यायचे आणि वर यायचं. कळलं ना, चिमे?" दादानं पुन्हा बजावलं.

चिमी सरावाच्या हौदाच्या काठावर पाय सोडून बसली होती. पाठीवर सिलिंडर, मांडीवर नवा मास्क. कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खा चेहरा झाकणारा. याच्या आत हवा आपोआप भरते, तोंडात नळी धरावी लागत नाही. तिला एवढंच हवं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा डावा गाल खाली उतरला, तो पुन्हा वर चढलाच नाही. ओठ मिटेनात, डोळा मिटेना. ओठ मिटत नाहीत म्हणजे नळी धरता येत नाही, आणि नळी धरता येत नाही म्हणजे पाण्याखालचं काम संपलं, असं दादानं ठरवून टाकलं. धंदा दादाचा. जहाजांचे तळ खरवडण्यात पुरुषांना मागे टाकणाऱ्या बहिणीला त्यानं हौदाशेजारच्या कचेरीत फोनवर बसवलं. जिच्या तोंडून 'प' आणि 'फ' धड निघत नव्हते, तिला फोनवर! गिऱ्हाइकं "काय? काय?" करायची, मग दादा मायेनं रिसीव्हर काढून घ्यायचा. त्या मायेचा तिला वीट आला होता. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं, त्याच दिवशी तिनं मास्क शिकवणाऱ्या उस्तादाला परस्पर बोलावून घेतलं.

मास्क आला तेव्हा "आधी मी बघतो" म्हणत दादाच खाली उतरला होता. मास्कमधल्या माइकवरून काठावरच्या स्पीकरमध्ये त्याचा आवाज आला, "हाणी गार आहे! ऐकू येतंय का? हाणी गार आहे!"

"यात सगळ्यांचंच असं होतं," उस्ताद म्हणाला. "ओठ हलायला जागाच नसते."

तेव्हा चिमी खदखदून हसली होती, अर्ध्या तोंडानं का होईना.

आता उस्ताद तिच्याबरोबर उतरायच्या तयारीत होता. "एक सांगून ठेवतो, बाई. कामावर जायचं तर हा मास्क पाण्याखाली काढता आला पाहिजे. तो बिघडला तर छातीवरची ही साधी नळी तोंडात धरायची आणि खिशातला नाक झाकणारा साधा चष्मा लावायचा. ते जमल्याशिवाय मी तुम्हाला पास करणार नाही."

"तेच तर तिला जमायचं नाही," दादा चटकन म्हणाला. "आज नुसता घालून बघू दे. तिची हौस फिटेल."

हौस. तिनं मास्क चढवला, पट्टे आवळले आणि पाण्यात घसरली.

तळाशी तिनं श्वास घेतला. तोंडभर, गालभर हवा. वर्षभरानं पाण्याखाली. रडू येईल असं तिला वाटलं, पण दादा वरून मास्कच्या इयरफोनमधून कानात बोलतच होता. "हळू. घाबरू नकोस. मी आहे इथे. झालं, चिमे, आता वर ये."

"हो," ती म्हणाली आणि तिनं पट्टे सैल केले.

मास्क सुटला तसा दादाचा आवाज बंद झाला. गार पाणी तोंडावर आदळलं. उजवा डोळा मिटला, डावा नेहमीसारखा सताड उघडा राहिला. हाच डोळा वाऱ्यात पाणी गाळायचा, झोपताना त्याला पट्टी चिकटवावी लागायची. आता त्यातूनच तिला छातीवरची पिवळी नळी अंधुक दिसली. तिनं ती दातांत धरली. डावीकडून भस्सकन पाणी आत शिरलं. ठसका लागला. भीती वाटली, आणि चांगलीच वाटली. उस्तादानं हात पुढे केला. तिनं नको म्हणून जोरानं मान हलवली.

मग तिनं डावा तळवा गालावर दाबला आणि फाटकी पिशवी मुठीत आवळावी तसे ओठ नळीभोवती आवळले. नळीत जोरानं फुंकून पाणी बाहेर हाकललं. पुढचा श्वास घेतला तो कोरडा होता. उरलेल्या एका हातानं तिनं चष्मा ओढून लावला, वाकडातिकडा, आणि नाकानं हवा सोडून त्यातलं पाणी काढलं. समोर उस्ताद हाताची घडी घालून बघत होता.

त्यानं अंगठा वर केला. म्हणजे, वर निघू या.

चिमीनं नाही म्हणून खूण केली. चष्मा काढला, नळी सोडली, श्वास रोखला आणि तो मोठा मास्क पुन्हा तोंडावर ओढून बटण दाबून हवेनं आतलं पाणी उडवून दिलं. दादाचा ओरडून बसलेला आवाज कानात घुसला. "चिमे! बोल ना काहीतरी! अगं, मेलो मी इथे!"

"मी इथेच आहे, दादा. मास्क काढला होता. हुन्हा घातला."

वर काठावर दादानं टॉवेलानं तोंड पुसलं. तेवढ्यात कचेरीत फोन वाजला. दादाला सुटका झाल्यासारखं वाटलं.

"फोन वाजतोय, चिमे. ये बघू वर."

"होन तू घे."

दादानं "काय?" म्हणून विचारलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकून तो ओल्या पायांनी कचेरीकडे निघाला.