दाराबाहेरचे बूट

मुलांनो, कल्पना करा: तुम्ही नव्या देशात आलात, उद्या शाळेचा पहिला दिवस, आणि सवयीने दाराबाहेर काढलेले तुमचे एकुलते एक बूट गायब! छोट्या मिठूचं अगदी तसंच झालं. “चोरांच्या देशात आणलंत मला!” तिने भोकाड पसरलं. “अगं, तळ उचकटलेले बूट कोण नेतंय?” बाबा म्हणाले, पण त्यांचाही चेहरा पडला होता. सकाळी दार उघडलं, तर बूट जागेवर! तळ घट्ट शिवलेला, नाड्या नव्याकोऱ्या. समोर राहणारे मोची आजोबा आपल्या दारात हसत उभे होते. त्यांचं बोलणं ऐकून बाबाही हसले. “त्यांना वाटलं, आपण दुरुस्तीसाठीच बाहेर ठेवलेत!” आईने हात जोडले. आजोबांनी मिठूला आत बोलावलं. तिने बूट घालून दोन उड्या मारल्या आणि त्यांच्या दाराबाहेर ते पुन्हा नीट काढून ठेवले.