एक साधा प्रश्न

रुग्ण दगावला तेव्हा ती ड्यूटीवर नव्हती, असा ठपका ठेवून हॉस्पिटलने तिला नर्सच्या नोकरीवरून काढून टाकलं होतं. सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून ती केस हरली, आणि आज वकीलसाहेबांच्या केबिनमध्ये येऊन बसली होती. भिंतीवर साहेबांची कारकीर्द चौकटीत टांगलेली होती: तीस वर्षांची वकिली, खालच्या कोर्टापासून थेट अपिलापर्यंत.

तिने फाइल पुढे केली. साहेबांनी ती मधूनच उघडली, साक्षीचं पान वाचलं आणि त्यांना हसूच फुटलं.

"अरे, इकडे या सगळे!" त्यांनी ज्युनिअर्सना हाक मारली. "मॅनेजर साक्षीत सांगतो, बाई ड्यूटीवर नव्हत्या. हजेरीपटावर बाईंची सही ढळढळीत दिसतेय. आणि यांच्या वकिलाने त्याला साधा एक प्रश्न विचारलेला नाही! हा काय कोर्टात डुलक्या काढायला जात होता?"

ज्युनिअर्स खो खो हसले. म्हातारा कारकून तेवढा खाली मान घालून उभा राहिला.

"बाई, या एका प्रश्नावर तुम्ही केस जिंकला असतात," साहेब म्हणाले. "असल्या बिनडोक माणसाला सहा वर्षं धरून कशा बसलात? कधीच बदलायचा ना वकील!"

"त्यासाठीच आलेय, साहेब." तिने पर्समधून एक कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला.



"नवीन वकील म्हणाले, आधीच्या वकिलाची ना हरकत लागते. इथे सही करा."