मधली मोकळी जागा

सातपूरच्या फ्लॅटमध्ये समुद्र उभा करायचा, हे संजनाने मनावर घेतलं आणि करून दाखवलं. खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीतल्या खडकांची मांडणी तिची, प्रवाळांच्या जागाही तिनेच ठरवलेल्या. माशांना पोहायला मधोमध ऐसपैस जागा ठेवली होती.

आज तिने मासे सोडले. तिच्या सासूबाई काचेपाशी खुर्ची ओढून बसल्या.

"नाशकात समुद्र आणलास गं!"

संजनाला आभाळ ठेंगणं झालं.

"पण मध्ये काय ठेवलंयस? सगळे मासे वळसा घालून जातायत."

"काहीच नाही, आई. हे बघा."

संजनाने पाण्यात हात घालून सरळ पुढे नेला. हात आपोआप वळसा घालून पलीकडे गेला.

तिने पुन्हा नेला.

या वेळी वळसा मोठा होता.