दाढीचं तेल

दाढीचं तेल पुन्हा आलं.

चष्मेवाला कुठल्याशा पुलाची बातमी वाचत होता. बाजूला त्याच जाहिराती: पुलाच्या डाव्या अंगाला तेलाची बाटली, उजव्या अंगाला डोंगर चढायचे बूट आणि खाली पिवळा दोर वेटोळं घालून बसलेला. त्यानं दुसरी बातमी उघडली. दोर तिथंही हजर होता.

चष्मेवाल्याला दाढी नव्हती. डोंगर त्याला लांबूनच बरे वाटत. घरात लॅपटॉप एक आणि माणसं दोन. हे कुणी शोधलं असेल ते कळायला फारशी अक्कल लागत नव्हती.

दाढी होती बायकोच्या दवाखान्यात. लोकांच्या आखडलेल्या माना आणि गुडघे मोकळे करायचं तिचं काम. तिथं हा दाढीवाला नवीन आला होता. सुट्टीच्या दिवशी दोराला लटकून कडे चढायचा म्हणे. जेवताना ती एकदा सहज बोलून गेली, "त्याच्या हातात जादू आहे रे." तो घास चष्मेवाल्याच्या घशाखाली अजून उतरला नव्हता. आणि आता दवाखान्याची दुसरी शाखा निघत होती. ती या दोघांनी मिळून सांभाळावी असं तिथल्या मोठ्या बाईंचं म्हणणं होतं. हो की नाही, ते तिला उद्या सकाळी कळवायचं होतं.

दिवसभर दुकानात तो लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवायचा. "ही बरी दिसते, की ही?" विचारायचा. त्याला स्वतःला मात्र कुठल्याही काचेतून दाढीच दिसत होती. तो जळत होता. आपण जळतोय हे त्याला कळत होतं, म्हणून आणखीच जळत होता.

बायको ओट्यावरच्या मुंग्या पुसत होती. त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"उद्या नाही म्हणून सांग," तो म्हणाला. "खरं तर ती नोकरीच सोड."

तिनं फडकं खाली ठेवलं. "का? झालं काय?"

"हे झालं. तेल, बूट, दोर. वाढदिवस आहे वाटतं त्याचा? माणूस जे शोधतो त्याच्याच जाहिराती मागे लागतात, एवढं मलाही समजतं."

ती पडद्याकडे बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा उतरला. सापडली, असं त्याला वाटलं. आपलं खरं निघालं तर इतकं वाईट वाटेल, याचा त्यानं विचारच केला नव्हता.

"हे तू नाही शोधलंस?" तिनं विचारलं.

"माझा काय संबंध? माझं मी रोज पुसून टाकतो."

बोलून झाल्यावर तो थांबला. उशीर झाला होता.

"तुझं म्हणजे काय?" ती म्हणाली. "काय पुसतोस तू?"

त्याला सांगावं लागलं. ती जादूची गोष्ट कानावर पडल्यापासून तो दुपारी जेवायला घरी आला की दाढीवाल्याला शोधायचा. त्याचा फोटो, मग तोच फोटो मोठा करून. पायात बूट कुठले, कमरेला दोर कुठला, दाढी एवढी चमकते ती कशानं. स्वतः दाढी वाढवूनही पाहिली होती. ती अशी ठिकठिकाणी उगवली की गिऱ्हाइकं तब्येतीची चौकशी करायला लागली. मग उतरवली. उठताना तो ब्राउझरचा इतिहास न चुकता पुसायचा. मेहुण्यानं शिकवलं होतं. पान कोरं झालं की हा पुन्हा साळसूद.

ती चिडली नाही. ते जास्त लागलं.

"तू पुसतोस ती तुझ्याकडची आठवण," ती म्हणाली. "कुठं कुठं गेलास त्याची. पण ज्या दुकानांत डोकावलास, त्यांनी तुझ्या ब्राउझरमध्ये आपली खूण ठेवलीय. कुकी म्हणतात तिला. ती तू पुसलीच नाहीस. तू कुठलंही पान उघड, जाहिरातवाले खूण ओळखतात आणि तेल घेऊन उभे राहतात."

"ती खूण तुझी नसेल कशावरून?"

"वर कोपऱ्यात रंग कुठला आहे?"

"निळा."

"निळं तुझं. माझे पासवर्ड घालवलेस तेव्हा मी ब्राउझरमध्ये दोघांचं खातं वेगळं केलं होतं. तुझ्या कुकीज निळ्यात, माझ्या हिरव्यात."

इतके दिवस त्याला तो रंग नुसती शोभा वाटत होता. तिनं हिरवं उघडलं. तोच पूल, तीच बातमी. बाजूला गुडघ्याचे पट्टे, खाली मुंग्या मारायची पावडर. त्यानं स्वतः आणखी एक पान उघडून पाहिलं. पावडर. आणखी एक. पुन्हा पावडर. दाढीचा कुठं मागमूस नव्हता. त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्याकडे मान वर करून बघवेना.

तिनं परत निळं उघडलं. सेटिंगमध्ये गेली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "इथून कुकीज जातात. तूच दाब."

त्यानं दाबलं. पुलाची बातमी पुन्हा उघडली. तेलाच्या जागी कुठलासा डिंक होता.

"उद्या काय सांगणार आहेस?" त्यानं हळूच विचारलं.

"हो सांगणार आहे." तिनं फडकं उचललं आणि ओट्याकडे वळली. "आणि तुझा संशय अगदीच खोटा नव्हता हं. या घरात कुणीतरी रोज त्याच्याच विचारात असतं. फक्त ती मी नाही."