बारा नंबर

"बारा नंबर माझा," डंकन प्रोथेरो सोमवारी फोनवर म्हणाला. "शुक्रवारी न्यायला येतो. तोवर कुणाला देऊ नका."

"कुत्र्याचं नाव काय, राजा?" कोंडवाड्याच्या ऑफिसातल्या नोलीनने विचारलं. साठीची बाई, अख्ख्या गावाला राजाच म्हणायची.

"नाव कशाला? नंबर आहे ना."

"बरं बाबा. बाराच्या जाळीला पाटी अडकवते, मालक येतोय म्हणून."

कुत्रा टिलीचा होता. टिली म्हणजे डंकनची लेक. ती आणि डॅम्पर एकाच वर्षी घरात आले आणि एकाच सोफ्यावर वाढले. आई गेल्यावर पोर कुत्र्याशी जेवढं बोलली तेवढं बापाशी बोलली नाही. शाळेच्या शिबिराला निघताना तिने डंकनकडून वचन घेतलं होतं, याला नीट सांभाळशील म्हणून. दुसऱ्याच दिवशी आंघोळ घालताना डॅम्पर त्याच्या हातून निसटला. अंगाला साबण, गळ्यात पट्टा नाही, आणि फाटक उघडं.

रविवारी तो कौन्सिलच्या कोंडवाड्यात सापडला, बारा नंबरच्या पिंजऱ्यात. पण ऑफिस बंद. राखणदाराने जाळीतून बघू दिलं, हात लावू दिला नाही. संध्याकाळी डंकनचं क्राइस्टचर्चचं विमान होतं. त्याने डोळ्यांनी पाहिलं, नंबर लक्षात ठेवला आणि निघाला. टिली शुक्रवारी यायची होती. तोवर कुत्रा घरी असला की झालं.

क्राइस्टचर्चला कर्नेलवाल्यांची वार्षिक सभा होती. कर्नेल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. डिस्क जोडली की तो तिला एक नंबर देतो, काढली की नंबर मोकळा होतो आणि पुढच्या डिस्कला मिळतो. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. ऑकलंडची मेले फिफिता म्हणत होती, हे बंद करा. एकदा दिलेला नंबर पुन्हा कुणाला देऊ नका. तिचा बदल घ्यायचा की नाही, ते डंकनच्या हातात होतं. आणि डंकनचा हात सहजासहजी सैल होणारा नव्हता.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन लावला.

"काही विचारू नकोस, राजा," नोलीन म्हणाली. "मोरी तुंबली. सकाळपासून नुसता चिखल आणि ओरडाआरडा."

"बारा कसा आहे?"

"मजेत! वाटी चाटूनपुसून लख्ख. आणि भुंकतोय असा की माझे कान गेले."

डंकन हसला. घरी डॅम्पर भुंकायचे कष्ट घेत नसे. बाहेरची हवा मानवली म्हणायची.

बुधवारी कँटीनमध्ये मेले ताट घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"डंकन, तुझी हरकत तरी काय आहे? नंबर संपतील म्हणून घाबरतोस? समुद्र आटेल, पण ते नाही संपायचे."

"घाबरत नाही. पण नसतं दुखणं विकत कशाला घ्यायचं? आमच्या गावच्या कोंडवाड्यात वीस पिंजरे आहेत, वीस नंबर. वर्षानुवर्षं तेच फिरवतात. आत्ता माझा कुत्रा बारात आहे. मी रोज फोन करतो, बारा कसा आहे विचारतो, मला बाराची खबर मिळते. कुणाचं काय अडलं?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. मेलेही हसली, पण तिने काटा खाली ठेवला.

"तुझ्यापुढे डोकं आपटण्यापेक्षा भिंत बरी. कुत्र्याला माझा नमस्कार सांग."

त्याच दुपारी डंकनने तिचा बदल नाकारला. दोन ओळींत, सभ्य भाषेत. मग कोंडवाड्याला फोन लावला.

"बारा झकास," नोलीन म्हणाली. "चेंडू सोडत नाही मेला. पण ऐक ना राजा, तुझं घर मोठं आहे का?"

"का?"

"सातात एक ध्यान आहे. खात नाही, पीत नाही, दाराकडे तोंड करून पडून असतं. कुणी विचारायला आलं नाही. उद्या मुदत संपते, डॉक्टर कायमचं झोपवायची सुई घेऊन येतील. तू येतोच आहेस, तर त्यालाही ने. एक दिवस मी कसंबसं थांबवीन."

डंकनला वाईट वाटलं, अगदी खरंच वाटलं.

"नको, नोलीन. एकालाच सांभाळताना माझी दमछाक होते."

"बरं. म्हटलं, विचारून बघावं."

शुक्रवारी विमानतळावरून तो थेट कोंडवाड्यात गेला. गाडीत नवा लाल पट्टा होता. टिलीची बस संध्याकाळी यायची होती, वेळ भरपूर होता. डॅम्पर बहिरा झाला असला तरी गाडीचा वास त्याला बरोबर लागेल, असं मनाशी म्हणत तो नोलीनच्या मागोमाग पिंजऱ्यांच्या ओळीतून चालत गेला.

बाराच्या जाळीला पाटी होती. 'मालक येतोय.' नोलीनने कडी काढली. एक काळा, तरणाबांड कुत्रा तोंडात चेंडू घेऊन डंकनच्या छातीवर झेपावला.

डंकनने त्याला बाजूला सारलं आणि वाकून आत पाहिलं. पिंजरा रिकामा होता.

"हा नाही," तो म्हणाला. "माझा तपकिरी आहे. म्हातारा. तोंडावर पांढरे केस."

नोलीनचा हात कडीवरच राहिला. या वेळी ती राजा म्हणाली नाही.

"तो तुमचा होता? मोरी तुंबली त्या दिवशी त्याला सातात हलवला होता."