भुतांची मुळाक्षरं

"भूत बँकेत नोकरीला लागल्यासारखं दिसतंय," श्यामसुंदर म्हणाले आणि त्यांनी काशीरामचा तिसरा कागदही परत केला.

श्यामसुंदर पार्ल्यात भयकथा छापत. नव्या बारा पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी त्यांना अख्खी मुळाक्षरं हवी होती. हाताने काढलेली, ओबडधोबड, अंगावर काटा आणणारी. काशीराम गिरणीतला पेंटर. वीस वर्षं त्याने भिंतींवर 'विडी ओढू नये' लिहिलं. अक्षरं इतकी सरळ, की त्यांना कधी कोणी घाबरलं नाही, विडी ओढणारे तर नाहीच. संपात गिरणी बंद पडली, त्याला दोन वर्षं झाली. हे काम हुकलं तर ब्रश गुंडाळून गावी जायचं ठरलं होतं. श्यामसुंदरांनी शनिवारपर्यंत मुदत दिली.

जोगेश्वरीच्या खोलीत त्याची बायको शेवंती साक्षरता वर्गाचा अभ्यास करत बसली होती. परत आलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून ती त्यांच्या पाठीवर लिहायची, काशीरामच्याच झिजलेल्या ब्रशने. काशीरामने डोकावून पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा तो हसला. अक्षरं ताडी पिऊन आलीत काय, म्हणाला. शेवंतीने ब्रश धुऊन ठेवला. आता वर्गाला जाणार नाही, एवढंच बोलली.

शनिवारी काशीरामने चौथा कागद नेला, परत आलेल्या एका जुन्या कागदात गुंडाळून. श्यामसुंदरांनी गुंडाळी उलगडली, पण जुन्या कागदाचीच पाठची बाजू वर आली. काळ्या शाईत तीन ओळी होत्या. माझे नाव शेवंती. मी इथेच राहते. मला दोन मुलगे आहेत.

श्यामसुंदरांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

"काशीराम, ही शेवंती मेली कशी?"

"मेली नाही साहेब. घरी भाकऱ्या भाजतेय."

तासाभरात श्यामसुंदर जोगेश्वरीला चटईवर बसले होते. शेवंतीला आधी ही थट्टाच वाटली. काशीराम तर भिंतीकडे बघत होता. अक्षरं वहिनींची, चित्रं आणि रंग तुझे, बाराही पुस्तकांना, असं श्यामसुंदरांनी सांगितलं तेव्हा कुठे त्याने मान वळवली. शेवंतीने पदर खोचला आणि अ काढला. पुढे दर अक्षराला श्यामसुंदर समाधानाने शहारत राहिले.

'ळ'पाशी ती थांबली. शेवटची दोन अक्षरं अजून वर्गात झालीच नव्हती. काशीरामला मोठा धीर आला. वीस वर्षांचा अनुभव अखेर घरच्या कामी येणार होता. त्याने ब्रशसाठी हात पुढे केला आणि म्हणाला, आण, मी शिकवतो.

शेवंतीने ब्रश दिला नाही. कोपऱ्यातली पाटी काखेत मारली, चपला पायात सरकवल्या.

"तुम्ही नको. तुमच्याकडून शिकले तर सरळ येईल. मी वर्गाला जाऊन येते."