भट्टीतला खिळा

कारखान्याचा बॉयलर बंद पडला, तेव्हा गायधनी साहेबांनी रंगूबाईंना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. जुन्या खोक्यांच्या फळ्यांतले खिळे उपटून लाकूड भट्टीसाठी मोकळं करायचं, एवढंच म्हातारीचं काम.

"खालच्या हवेनं भट्टीतली वाळू उकळत राहते, म्हणून भुसा-लाकूड बिनधुराचं जळतं. त्यात लोखंड अडकलं की सगळं बसलं. डोळे आहेत का नाहीत तुम्हाला?"

"चुकली आसंल नजर, साहेब," रंगूबाई खाली बघत म्हणाल्या.

दोन दिवसांनी भट्टी निवली आणि साहेब स्वतः आत उतरले. वाळूत खिळा एकही नव्हता. तळाच्या नळीत तारांचा गुंता अडकला होता, टोकांना आकडे वळवलेले. दसऱ्याला मशिनींना घातलेल्या हारांच्या तारा. निर्माल्य कचऱ्यात नको, म्हणून साहेबांनीच ते हार आपल्या हातानं भट्टीत सोडले होते.

गुंता खिशात कोंबून ते बाहेर आले. फळीवर वाकलेल्या रंगूबाईंनी मान वर केली. नाकावर नवाकोरा चष्मा होता.

"कालच द्वारका चौकातल्या दुकानातून आणला, साहेब. आता नाय चुकायची."